खाऱ्या पाण्याच्या टाकीत पफर मासा पाळावा का?

रानवारा_ठाणे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गोड्या पाण्याची टाकी बरीच वर्षं होती. गप्पी, एंजल, शेवटी शेवटी एक म्हातारा गोल्डफिश. आता ४ फुटी टाकी रिकामी आहे. मागच्या रविवारी लेकाला घेऊन कुर्ल्याच्या मासेबाजारात गेले होते. तिथे एका दुकानात डॉगफेस पफर (घाबरला की फुगणाऱ्या माशांपैकी एक) होता, राखाडी, कुत्र्याच्या पिल्लासारख्या तोंडाचा. आम्ही जिकडे सरकू तिकडे तो काचेला लागून यायचा आणि डोळे वेगवेगळे फिरवत बघायचा. लेक आठवीत आहे, त्याने तेव्हापासून दुसरा विषय काढलेला नाही.

दुकानदार म्हणाला, "४ फूट भरपूर झालं, मीठ मी देतो, नळाच्या पाण्यात टाका आणि दाणे घाला." हे फार सोपं वाटलं, म्हणून इथे विचारते. ४ फुटांत हा राहील का? सोबत दुसरे मासे चालतील का? हा विषारी असतो म्हणतात, घरात मूल असताना काळजीचं आहे का? आणि मे महिन्यातल्या उकाड्याचं काय? ज्यांनी स्वतः पाळलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

दर्यावर्दी

ताई, विचारलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडे पुण्यात डॉगफेस अनेक वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

दुकानात दिसतो तो बहुतेक ८-१० सेंटिमीटरचं पिल्लू असतो. पूर्ण वाढ ३० सेंटिमीटरच्या आसपास. तुमची टाकी ४ बाय दीड बाय दीड असेल, तर काठोकाठ २५५ लिटर. दगड आणि वाळू घातली की त्यातलेही बरेच जातात. लांबीपेक्षा मला रुंदीची चिंता आहे. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर, आणि त्यात फूटभर लांबीच्या जाड माशाला सुखाने वळायचंय. डॉगफेससाठी ५ बाय २ बाय २ ही मी किमान धरतो. ६ फूट असेल तर उत्तम.

दुसरं म्हणजे हा मांसाहारी आणि खादाड. खाताना तुकडे उडवतो आणि घाणही तशीच करतो. खाऱ्या पाण्यात ती प्रोटीन स्किमरने (फेसातून घाण वेगळी करणारं यंत्र) बाहेर काढायची. खोक्यावर जेवढ्या लिटरचं लिहिलंय त्याच्या निम्म्या पाण्यालाच तो स्किमर पुरेल असं समजून घ्या.

नळाचं पाणी अजिबात नको. आरओ-डीआय, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं पाणी लागतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातल्या आरओत चवीसाठी क्षार परत मिसळतात, ते चालत नाही. समुद्री मिठाचं मिश्रण साधारण ३५ ग्रॅम प्रति लिटर, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) घनता १.०२३ ते १.०२५. पाणी उडून गेलं की भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. नवीन लोक इथेच गडबडतात.

टाकी लावल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे मासा आणायचा नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू आधी वाढू द्या.

---

गजाली

आमच्या मालवणात जाळ्यात हा दिसला की आजोबांचा पारा चढायचा, "मेलो केंड इलो!" (केंड म्हणजे हाच पफर) आणि तुम्ही पैसे मोजून घरी आणताय. आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी टोपलीभर फुकट पाठवले असते :)

---

शंकासुर

@गजाली, पारा का चढायचा? चावतो का?

---

गजाली

चावतो म्हणजे काय! केंड नायलॉनचं जाळं कातरतो. जाळ्यात अडकलेली मासळी आणि माकुलं अर्धी खाऊन ठेवतो. थव्याने आले की मासळीही गेली आणि वर जाळं विणत बसायचं. बाजारात त्याला कोणी घेत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर त्याच्याबद्दल प्रेम नाही. मला मात्र लहानपणापासून त्याचे डोळे आवडायचे. आजोबांची नजर चुकवून मी जिवंत असलेले परत पाण्यात सोडायचे.

---

तुळई_खांब

माशांमधलं मला कळत नाही, पण मी इमारतींची गणितं करतो. दर्यावर्दी ५ बाय २ बाय २ सहज लिहून गेले, म्हणून हा प्रतिसाद.

२० घनफूट म्हणजे सुमारे ५६५ लिटर. पाणी, १२ मिलिमीटरची काच, वाळू, दगड, स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी धरली तर पाऊण टनाच्या वर जातं. हे सगळं ओझं एका चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ (भाग २) मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात. तो पूर्ण खोलीवर पसरलेला असतो, त्यामुळे टाकी ठेवली की स्लॅब कोसळेल असं नाही. पण खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या बाहेर आलेल्या भागावर ठेवू नका. तुळई असलेल्या भिंतीलगत ठेवा. जुनी इमारत असेल, सळया गंजून प्लॅस्टर फुगलं असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

---

रानवारा_ठाणे

बाप रे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची इमारत १९८० च्या दशकातली आहे. धन्यवाद!

---

तिसऱ्यांची_आमटी

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि पफरचं अर्धं आरोग्य त्यातच आहे.

याचे दात जन्मभर वाढतात. वर दोन, खाली दोन, जोडून चोच झालेली. समुद्रात तो शिंपले, खेकडे, गोगलगायी फोडून खातो आणि दात झिजत राहतात. घरी नुसते मऊ दाणे घातले की चोच वाढत जाते आणि एक दिवस तोंडच उघडेनासं होतं. समोर खाऊ असून मासा उपाशी. मग लवंगेच्या तेलाने बेशुद्ध करून चोच कातरावी लागते. जाणकार माणूस ते काही मिनिटांत करतो, पण माशावर ती पाळीच का आणायची?

आपण मुंबई-कोकणातले लोक या बाबतीत सुदैवी आहोत. बाजारात तिसऱ्या, खुबे, कालवं, छोट्या कुर्ल्या, सालासकट कोळंबी सगळं मिळतं. मी आणल्यावर धुऊन काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, मग शिंपला अर्धवट उघडून देते. मीठ-हळद लावलेलं काही नको. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला एक दिवसाआड. तो रोज भीक मागणारच, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

एकच पदार्थ मात्र सतत देऊ नका. कच्च्या कोळंबीत आणि बऱ्याच शिंपल्यांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. जबडा आखडण्याच्या विकाराचा संबंध पफर पाळणारे लोक या उणिवेशीच लावतात. म्हणून आलटूनपालटून खायला द्या आणि मधूनमधून जीवनसत्त्वाचे थेंब.

---

खवय्या_नं_१

तुमचा पफर आमच्यापेक्षा चांगलं जेवतो. तिसऱ्यांचा भाव बघता मलाच दत्तक घ्या.

---

तिसऱ्यांची_आमटी

@खवय्या, तुम्ही एक दिवसाआड जेवणार असाल तर या :)

---

सूक्ष्मदर्शिका

विषाबद्दल लिहिते, माझं काम प्रयोगशाळेतलं आहे.

विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन. १९०९ मध्ये योशिझुमी ताहारा या जपानी शास्त्रज्ञाने ते नाव दिलं. मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग ते बंद करतं, त्यामुळे स्नायूंना संदेश पोचत नाही. आधी ओठ-जीभ बधिर होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. व्हेंटिलेटरवर ठेवून विष शरीराबाहेर जाण्याची वाट बघायची, एवढाच उपचार. शिजवल्याने ते नष्ट होत नाही. यकृत आणि अंडाशयात सर्वात जास्त, काही जातींच्या त्वचेतही असतं. कॅप्टन कुक १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनियाला होता तेव्हा त्याने आणि बरोबरच्यांनी या माशाचं यकृत नुसतं चाखलं होतं. रात्री हातपाय बधिर झाले, पण वाचले.

हे विष मासा स्वतः बनवत नाही. ते जीवाणूंकडून अन्नसाखळीतून त्याच्यात येतं. म्हणून विषरहित खाद्यावर वाढवलेले पफर बिनविषारी निघतात. तुमचा मासा मात्र समुद्रातून पकडलेला असणार, त्यामुळे त्यात विष आहे असंच धरा.

घरात मूल असल्याची भीती विषामुळे बाळगू नका, कारण धोका खाण्यातून आहे. टाकीत हात घालण्यापूर्वी आणि नंतर धुवा, जखम असेल तर हातमोजा घाला. मेलेला मासा मांजराच्या तोंडी लागणार नाही असा पुरा. खरी भीती चोचीची आहे. शिंपला फोडणाऱ्या जबड्यापुढे बोट काहीच नाही. खाऊ लांब चिमट्याने द्यायचा, हा घरात नियमच करा.

---

सातवीतला_समुद्र

मी बाबांच्या आयडीवरून लिहितोय. त्याला फुगवून दाखवता येतं का?

---

दर्यावर्दी

बाळा, येतं, पण आपण कधीच तसं करायचं नाही. तो घाबरला की पाणी गिळून फुगतो. त्याला बरगड्या नसतात आणि पोट रबरासारखं ताणतं, म्हणून हे जमतं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या छोट्या सॅडल पफरवर अभ्यास केला. फुगलेला असताना तो श्वास रोखून धरत नाही, उलट नेहमीच्या पाचपट ऑक्सिजन वापरतो. आणि पूर्ववत व्हायला त्याला सरासरी साडेपाच तास लागले. तुला कोणी पाच-सहा तास धाप लागेपर्यंत पळवलं तर कसं वाटेल?

मोठ्यांसाठी: हलवताना जाळी वापरू नका, पाण्यासकट डब्यात घ्या. पाण्याबाहेर फुगला तर पोटात हवा जाते. मग त्याला पाण्याखाली तोंड वर करून हळुवार धरावं लागतं, हवा निघेपर्यंत.

---

सातवीतला_समुद्र

ओके काका. नाही फुगवणार.

---

खारफुटी

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नये.

खाऱ्या पाण्याचे जवळजवळ सगळे पफर समुद्रातून पकडलेले असतात. त्यांची पैदास घरी होत नाही, व्यापारी पातळीवरही जवळपास नाहीच. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात शोभेचे मासे सायनाइड फवारून पकडण्याचा इतिहास आहे. त्यात प्रवाळही मरतं, आणि वाचलेला मासा आतून खिळखिळा होऊन दुकानात येतो. वाटेत किती गेले ते आपल्याला दिसत नाही. ज्या प्राण्याचं कौतुक "तो आपल्याला ओळखतो" म्हणून चाललंय, त्यालाच काचेच्या पाच फुटांत आयुष्यभर ठेवायचं? दहा वर्षांहून जास्त जगतो तो. मुलाला मासे दाखवायचेत तर ओहोटीला खडकातल्या डबक्यांशी घेऊन जा. मुंबईतसुद्धा हौशी अभ्यासकांबरोबर किनारा बघायला जाता येतं.

---

दर्यावर्दी

@खारफुटी, राग अजिबात नाही. पकडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि "दुकानात होताच, मी नाही तर कोणीतरी घेतला असता" हे उत्तर मी देणार नाही. एक विकला की दुसरा मागवला जातो. माझं म्हणणं एवढंच की ज्याला ठेवायचाच आहे त्याने मोठ्या माशाच्या मापाने सुरुवात करावी, पिल्लाच्या मापाने नाही. "पुढे मोठी टाकी घेऊ" म्हणणाऱ्यांची पुढची टाकी मी क्वचितच पाहिली आहे. मासा मात्र दरवेळी मोठा झालेला पाहिलाय.

---

गजाली

खारफुटी, तुमचं पटतंय. पण एक सांगते. आमच्या गावात केंडाला दगडावर आपटून मारायचे. ज्या पोरांनी तो जवळून पाहिला, त्याला खाताना बघितला, त्यांचा हात उचलला गेला नाही. जवळून बघण्याने फरक पडतो. ते घरीच बघायला हवं असं नाही, हे मान्य.

---

स्वानकाठचा_सदा

पर्थहून. गजालीताईंचं वाचून इथलंच आठवलं. स्वान नदीत पफरची एक जात भरपूर आहे, लोक त्यांना 'ब्लोई' म्हणतात. गळाला आमिष लावलं की पहिला तोच येतो, म्हणून वैतागून लोक त्याला धक्क्यावरच टाकून देतात, तडफडत. मी रोज संध्याकाळी फिरायला जातो तिथे मुलांना सांगत असतो, परत पाण्यात सोडा रे, हाच तळाचा कचरा साफ करतो. काही ऐकतात. आता आमच्या गल्लीतली दोन पोरं स्वतःहून सोडतात.

---

कायदेशीर_कालवं

कायद्याचं महत्त्वाचं: टाकीत घालायला आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ-दगड उचलून आणू नका, कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्याच यादीत. मेलेला तुकडाही चालत नाही. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड मिळतात, जीवाणू त्यावर तितकेच छान वाढतात.

---

काटकसर

एवढं मीठ कशाला विकत घ्यायचं? जुहूला जा, दोन कॅन भरून आणा.

---

दर्यावर्दी

@काटकसर, जुहूच्या काठचं पाणी नको. सांडपाणी, तेल आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी, यामुळे खारेपणा आणि शुद्धता दोन्हींचा भरवसा नाही. खर्चाचं विचाराल तर ५ फुटी टाकीचं २० टक्के पाणी बदलायला सुमारे ११० लिटर, म्हणजे चार किलो मीठ लागतं. हा खर्च दर पंधरवड्याचा आहे. तो झेपत असेल तरच पुढे जा.

---

संत्रानगरी

नागपूरकर म्हणून मे महिन्याबद्दल मी बोललंच पाहिजे. या माशाला २५-२७ अंश लागतं. आमच्याकडे बाहेर ४५ असताना टाकी ३२ ला सहज जाते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षाही कमी, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी भराभर उडतं. चिलरला (पाणी थंड ठेवणारं यंत्र) पर्याय नाही. मुंबईच्या दमट हवेत तर पंख्याचा उपयोग आणखी कमी. वीज गेली तर निदान बॅटरीवरचा एअर पंप हवाच, तो घरात असल्याशिवाय मासा आणू नका.

---

हौशी_हेमा

मग खारं पाणी सोडा आणि गोड्या पाण्यातला बुटका पफर घ्या ना! इंचभराचा, केरळचा, माझ्याकडे आहेत. फार गोड आहेत. मूठभर गोगलगायी दिल्या की खूश.

---

खारफुटी

@हेमा, तो पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांपुरता, आणि धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. मात्र त्याची घरी पैदास होते, तेव्हा पाळणाऱ्यांकडून घरचीच पिल्लं घ्या. आणि दुकानात 'गोड्या पाण्याचा' म्हणून हिरवा ठिपक्यांचा पफर मिळतो, त्याला भुलू नका. तो खाडीतला, निमखाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्यात झिजत झिजत मरतो.

---

सूक्ष्मदर्शिका

अवांतर: त्याच हिरव्या ठिपकेवाल्याचा पूर्ण जनुकसंच २००४ मध्ये वाचला गेला. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत पफरांचे जनुकसंच सर्वात छोट्यांपैकी आहेत, आपल्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याचे. तरी जनुकांची संख्या जवळपास आपल्याइतकीच. आपल्या जनुकसंचाचा अभ्यास करायला याची फार मदत झाली. दुकानांत तोच असा मरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

---

वाळूचा_शिल्पकार

अजून अवांतर: जपानच्या अमामी ओशिमा बेटाजवळ एका छोट्या पफरचा नर मादीसाठी समुद्राच्या तळाशी वाळूत दोन मीटर व्यासाचं नक्षीदार वर्तुळ काढतो. पाणबुड्यांना ती वर्तुळं १९९५ पासून दिसत होती, ती काढतो कोण ते पुष्कळ वर्षांनी कळलं. बोटभर मासा, फक्त पंख हलवून! चित्रफीत मिळाली तर मुलाला नक्की दाखवा.

---

रानवारा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून पूर्ण धागा लेकाबरोबर वाचला. डॉगफेसचा विचार सोडलाय. ५ फुटी टाकी आमच्या इमारतीत मला ठेवायची नाही, आणि ४ फुटांत त्याला ठेवायचं नाही. दर्यावर्दींनी सॅडल पफरचा उल्लेख केला होता. तो ४ फुटांत राहील का? की आमच्यासाठी काहीच योग्य नाही? तसंही सांगा, चालेल.

---

दर्यावर्दी

राहील, आणि आनंदाने राहील. सॅडल पफर, व्हॅलेंटिनीही म्हणतात, ११ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तुमची टाकी त्याला प्रशस्त आहे. चिलर, आरओ-डीआय आणि स्किमर यांतून सुटका नाही, ते आधी घ्या. एकच ठेवा. लांब, लोंबत्या पंखांचे मासे सोबत नकोत, हा कुरतडतो. शोभेची कोळंबी, शंखातले खेकडे आणि गोगलगायी म्हणजे त्याच्या लेखी जेवण. त्यापेक्षा डॅमसेल किंवा क्लाउनसारखे चपळ मासे बरे. तेही सुरुवातीला नजर ठेवून.

तुमच्या जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर जुनी वाळू-दगड टाकून द्या. तांबं त्यात मुरतं. पफरला खवले नसतात, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर होतो आणि तांब्याचं औषधही सोसत नाही. नवीन मासा आधी चारेक आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा.

---

तिसऱ्यांची_आमटी

घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल, पोट खपाटीला गेलं असेल, तर घेऊ नका. आणि नीट बघून घ्या, हुबेहूब या माशासारखा दिसणारा एक फाइलफिश असतो. पफर विषारी म्हणून मोठे मासे सोडून देतात, त्याचा फायदा घ्यायला तो तसाच नटलेला आहे. पाठीवरचा आणि पोटाखालचा पंख लांबलचक असेल तर तो फाइलफिश. पफरचे ते पंख अगदी छोटे असतात.

---

खारफुटी

रानवाराताई, मी अजूनही खडकातल्या डबक्यांच्याच बाजूने आहे. पण डॉगफेस सोडलात याचा खरंच आनंद झाला. किनारा बघायला यायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, पुढच्या मोठ्या ओहोटीला आम्ही काही जण जाणार आहोत. लेकालाही आणा.

---

रानवारा_ठाणे

नक्की येऊ, व्यनि केलाय. टाकीचं काम त्यानंतर. दर्यावर्दी, एक शेवटचं: मासा नसताना जीवाणू वाढवायला अमोनिया कुठून आणायचा?

---

दर्यावर्दी

सालासकट एक कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडा, कुजू द्या. चाचणीत अमोनिया चढला की पिशवी काढा. मग अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, तोही उतरेल. दोन्ही शून्यावर आले की पुन्हा थोडी कोळंबी घालून बघा. अमोनिया दिसला आणि २४ तासांत दोन्ही परत शून्य झाले, तर टाकी तयार. नोंदी लेकाला वहीत लिहायला सांगा आणि आकडे इथे टाकत राहा, आम्ही बघतो.